कंपोस्ट मशीनला काय चालतं, काय चालत नाही

अपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये ओल्या कचऱ्याच्या मशीनचा विषय निघाला की बोलणं होतं ते किमतीवर, वीजबिलावर आणि मशीन पार्किंगच्या कुठल्या कोपऱ्यात ठेवायचं यावर. त्यात रोज काय पडणार, यावर फारसं कुणी बोलत नाही. ‘ओला कचरा सगळा चालतो’ एवढ्या एका वाक्यावर मशीन येतं. थोड्याच दिवसांत तळमजल्यावरच्या काकू वासाची तक्रार करतात, एखाद्या सकाळी पाती नारळाच्या शेंडीत गुंतून बसतात आणि एवढं महागाचं यंत्र ताडपत्रीखाली पडून राहतं. बेळगावची टिळकवाडी असो, वडगाव असो की निपाणी, कारण बहुतेक वेळा एकच असतं. बादलीतलं सगळं जसंच्या तसं मशीनमध्ये ओतलेलं असतं.

आधी मशीन काय करतं ते पाहू, कारण बाजारात एकाच नावाखाली वेगवेगळी यंत्रं मिळतात. एक प्रकार नुसता वाळवणारा. कचरा बारीक करून तापवायचा आणि पाण्याची वाफ करून घालवायची, एवढंच त्याचं काम. साधारण दिवसाभरात बादलीभर कचऱ्याची थोडीशी तपकिरी भुकटी होते. दुसऱ्या प्रकारात उष्णतेसोबत उष्णता सोसणाऱ्या जिवाणूंचं कल्चर असतं आणि पाती थांबून थांबून फिरत राहतात. तिसरा प्रकार मोठ्या सोसायट्या आणि हॉटेलांसाठीचा. तो कचऱ्याचा चुरा करून त्यात लाकडाचा भुसा आणि कल्चर मिसळून देतो. खत होण्याचं खरं काम पुढे क्रेटमध्ये दहा-पंधरा दिवस चालतं.

म्हणून ‘हे मशीनला चालतं का?’ असं विचारताना मनात तीन गोष्टी हव्यात. मशीन देतं तेवढ्या वेळात हे कुजेल का? पात्यांना सोसेल का? आणि शेवटी ज्या मातीत जाणार, त्या मातीला बाधेल का? शहाळ्याचं कवच मातीला काही करत नाही, पण पाती मोडतं. लोणच्याचा खार पात्यांना काही करत नाही, पण माती बिघडवतो.

सगळ्यांत जास्त बिघाड पाण्यानं होतो. कुजवण्याचं काम करणाऱ्या जिवाणूंना ओल लागते आणि हवाही लागते. वजनाच्या ५० ते ६० टक्के पाणी असेल तर दोन्ही मिळतं. आपल्या स्वयंपाकघरातला ओला कचरा मात्र ७० ते ८० टक्के पाण्याचा असतो, आणि कलिंगड-काकडीच्या दिवसांत त्याहून जास्त. पाणी वाढलं की कणांमधल्या फटी भरून जातात, हवा आत शिरत नाही आणि हवेवाचून जगणारे जिवाणू ताबा घेतात. वास येतो तो त्यांच्या कामाचा.

हिशोब मांडून बघू. १० किलो कचऱ्यात ८० टक्के पाणी धरलं तर ८ किलो पाणी आणि २ किलो कोरडा माल झाला. त्यात वाळका पाला घालून ओल ६० टक्क्यांवर आणायची आहे. पाल्यातही १० टक्के ओल धरली, तर ४ किलो पाला लागतो. भाकरीचं पीठ सैल झालं की आपण वरून कोरडं पीठ घालतो, तसंच हे. पण ४ किलो पाला म्हणजे जवळपास पोतंभर. तोच कचरा आधी चाळणीत निथळला आणि सव्वातीन लिटर पाणी निघून गेलं, तर उरलेल्या पावणेसात किलोला दीड किलोच्या आतच पाला पुरतो. निथळण्याच्या पाच मिनिटांनी पाल्याची गरज जवळजवळ दोन तृतीयांशानं घटते.

भाजीच्या देठातलं पाणी असं निथळत नाही, ते पेशींत बांधलेलं असतं. निथळतं ते आमटी, सांबार, ताक, पेज आणि भांडी विसळलेलं पाणी. म्हणून उष्ट्याचं ताट थेट बादलीत न उलटता आधी चाळणीत उलटावं. निथळलेलं पाणी झाडांना मात्र घालू नये. त्यात मीठ आणि तेल असतं, ते सांडपाण्याच्या वाटेनंच जाऊ द्यावं.

‘आमचं मशीन तापतं, पाणी आपोआप उडून जातं,’ असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण ती वाफ विजेवर होते. एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान ०.६५ युनिट वीज लागतेच. साध्या हीटरवर चालणारं यंत्र कितीही चांगलं असलं तरी हा आकडा खाली येत नाही. वरच्या उदाहरणातलं सव्वातीन लिटर पाणी म्हणजे रोजची दोन युनिटं. वीजबिलावर मीटिंगमध्ये जेवढा वेळ जातो, त्यातला थोडा या चाळणीवर गेला तर बरं.

पाण्यानंतर येतं कर्ब आणि नत्राचं प्रमाण. जिवाणूंना ऊर्जेसाठी कर्ब लागतो आणि शरीर बांधायला नत्र. एक भाग नत्राला २५ ते ३० भाग कर्ब असला की काम नीट चालतं. भाजीपाल्याच्या कचऱ्यात कर्ब बहुधा १५ ते २० भागच असतो, मांस-मासळीत त्याहून बराच कमी. वाळक्या पाल्यात तो ४० ते ८० भाग असतो, लाकडाच्या भुशात २०० च्याही वर. कोरडा माल कमी पडला की जादा नत्र अमोनिया होऊन हवेत जातो. डोळ्यांना झोंबणारा तो वास आला की समजावं, आपलं खत उडून चाललंय.

हा कोरडा माल विकत आणायची गरज आपल्या भागात तरी पडू नये. उन्हाळ्याच्या तोंडावर बेळगावच्या कॅम्पातल्या मोठ्या झाडांखाली आणि जुन्या वसाहतींत पाल्याचे ढीग लागतात, आणि पुष्कळदा ते जाळले जातात. ते बघून जीव तुटतो. तोच पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवला तर वर्ष निघतं. जूननंतर बेळगाव-खानापूरच्या पावसात कोरडा पाला शोधून मिळत नाही, आणि मशीनमध्ये ओल वाढण्याचे दिवसही नेमके तेच.

भाताच्या गिरणीतलं तूसही चालतं. त्यानं मिश्रणात हवेसाठी फटी राहतात. पण तुसात सिलिका जास्त असल्यामुळं ते फार सावकाश कुजतं, म्हणून निम्मं तूस आणि निम्मा पाला असं घ्यावं. करवतीच्या गिरणीतला भुसा उत्तम, फक्त तो साध्या लाकडाचा हवा. प्लायवूड, एमडीएफ किंवा रंगवलेल्या लाकडाच्या भुशात डिंकरसायनं आणि रंग असतात, तो नको. रसवंतीवरचं उसाचं चिपाड कोरडं करून, कोयत्यानं बोटभर तुकडे करून घातलं तर चालतं; लांब राहिलं तर दांड्याला गुंडाळतं. वर्तमानपत्राचे कपटे आणि पुठ्ठ्याच्या खोक्याचे तुकडेही चालतात. चकचकीत छापील कागद नको.

जे बेधडक चालतं त्यावर वेळ घालवायचं कारण नाही. भाज्यांची देठं-साली, निवडून टाकलेली मेथी-शेपू, रताळ्याची सालं, कांदा-लसणाची टरफलं, केळीची साल, चहाचा चोथा, शिळी भाकरी-चपाती, नासकी फळं, शेंगांची फोलं, लिंबू-मोसंबीची सालं थोडी थोडी. अंड्याची कवचं कुजत नाहीत, ती चुन्याचीच असतात, पण चुरून घातली तर मातीला कॅल्शियम मिळतं. केळीचं पान आणि कणसाची पानं कातरून घालावीत. कणसाचा उरलेला दांडका मात्र मोठ्या, जोरदार चिरणी असलेल्या मशीनलाच द्यावा.

‘चालतं, पण’ असं म्हणावं लागतं तिथं खरी गडबड होते. त्यात पहिला भात. आपल्याकडं दोन्ही वेळच्या जेवणात भात असतो, कार्यालयात तर उरलेल्या अन्नात भातच जास्त. शिजलेला भात मशीनमध्ये मळला जाऊन त्याचे गोळे होतात. बाहेरून वाळतात, आत ओले राहतात, आणि आत हवा नसल्यानं आंबतात. मशीन उघडल्यावर शिरक्यासारखा आंबट वास आला तर बहुधा भात जास्त झालेला असतो. उपाय सोपा आहे. भात मोकळा करून, पाल्यात किंवा भुशात हातानं घोळवून मग घालायचा, आणि एका वेळी एकूण मालाच्या पाव हिश्श्याहून जास्त नाही. जास्त उरला असेल तर दोन-तीन दिवसांत वाटून घालावा. कुंदा, जिलेबी, बुंदी अशा गोडाचंही तेच. साखर जिवाणूंना फार लवकर मिळते, त्यातून आम्ल तयार होतं आणि बाकीचं काम मंदावतं.

तेल-तूप हा त्याहून वाईट पाहुणा. तेलाचा थर कणांवर बसला की पाणी आणि हवा दोन्ही आत जात नाहीत. भाजीला लागलेलं तेल चालून जातं, कढईतलं उरलेलं तळण ओतायचं नाही. ते बाटलीत साठवून वापरलेलं तेल घेणाऱ्यांना द्यावं.

मिठाकडं कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून जरा थांबतो. मशीन पाणी घालवतं, मीठ घालवत नाही. १० किलो उष्ट्याचा दोन किलो माल झाला की त्यातलं मीठ पाचपट दाट होतं. लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या, सुकी मासळी हे सगळं त्यात गेलं की खताची क्षारता वाढते. मग कुंडीतल्या रोपांच्या पानांच्या कडा जळतात आणि आपण दोष उन्हाला देतो. खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये शहरी कंपोस्टसाठी विद्युत वाहकतेची कमाल मर्यादा ४ डेसिसायमन प्रति मीटर अशी आहे. ती याच क्षारांसाठी. लोणच्याचा खार आणि सुकी मासळी पूर्ण बाहेर ठेवावी. आमटी-भाजीचं उष्टं घालायचं तर निथळून, आणि त्याच्या बरोबरीनं बिनमिठाचा कच्चा भाजीकचरा हवा.

मटण-मासळीबद्दल लोक संकोचानं विचारतात. कुजण्याच्या दृष्टीनं मांस उत्तमच, त्यात नत्र भरपूर. पण ते थोडंसं, भरपूर कोरड्या मालासोबत आणि तापणाऱ्या बंद मशीनमध्येच घालावं. रोगजंतू मरण्यासाठी बंद पात्रात ५५ अंश किंवा अधिक तापमान सलग तीन दिवस राहावं असा सर्वमान्य दंडक आहे. क्रेटच्या पद्धतीत ते हमखास साधत नाही, शिवाय माशा आणि उंदीर येतात. मटणाची मोठी हाडं कोणत्याच घरगुती मशीनमध्ये घालू नयेत. माशाचा मऊ काटा चालतो, तिसऱ्यांची शिंपली नाही.

आता जे मुळीच नको ते. करवंटी, आंब्याची कोय, शहाळं आणि नारळाची शेंडी पात्यांसाठी घातक. काजूच्या हंगामात खानापूर-चंदगडकडं बोंडं भरपूर असतात. ती कोरड्या मालासोबत खुशाल घालावीत, रस फार सुटतो एवढंच. पण काजूची टरफलं चुकूनही नको. त्यांच्यात कातडी भाजणारं तेल असतं आणि जिवाणूंनाही ते मानवत नाही. चुलीची राख मूठभरापलीकडं नको. ती मिश्रण अल्कधर्मी करते आणि नत्र अमोनिया होऊन उडतो. सॅनिटरी पॅड, डायपर, औषधं, कुत्र्या-मांजरांची विष्ठा यांची जागा वेगळी आहे, ती इथं नाही.

घरचा झाडून काढलेला केरही नको. त्यात केस, दोरे, प्लास्टिकचे कपटे असतात. शहापूर-वडगावात जिथं घरात किंवा शेजारी माग आहे, तिथं केरात सुताचे आणि पॉलिस्टरचे धागे हमखास सापडतात. दांड्याला धाग्यांचा वेढा बसला की मोटारीवर ताण येतो, आणि तो सोडवायला मशीन खोलावं लागतं.

निपाणीकडच्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट. विड्या वळताना तेंदूच्या पानांची जी कातरण उरते, ती वाळका पालाच आहे, कोरडा माल म्हणून फार चांगली. पण तिच्यासोबत तंबाखूची भुकटी जाऊ देऊ नका. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही टिकून राहतो, आणि तो निष्प्रभ व्हायला नव्वद अंशांच्या वर तापमान लागतं. मशीनची साठ-सत्तर अंशांची उष्णता त्याला पुरत नाही. तसलं खत परड्यातल्या टोमॅटो-मिरचीला घातलं तर रोग आपणच नेऊन लावला असं होतं. विडी-सिगारेटची थोटकंही याच कारणानं बाहेर.

‘कंपोस्टेबल’ असं छापलेल्या पिशव्यांनी पुष्कळांची फसगत होते. या पिशव्यांना आयएस १७०८८ हे मानक लागू आहे. त्या मानकाच्या चाचणीत औद्योगिक कंपोस्टिंगची उष्णता आणि ओल धरलेली असते, आणि पूर्ण जैविक विघटनासाठी १८० दिवसांपर्यंतची मुदत असते. चोवीस तासांच्या मशीनमध्ये तिचं काय होणार? तिचे तुकडे होतात आणि पात्यांना चिकटून बसतात. कागदी चहाच्या कपांना आतून प्लास्टिकचा थर असतो, चांदीच्या रंगाच्या पत्रावळीलाही तसाच. तेही बाहेर. पोफळीच्या विरीची ताटं खरीखुरी पानंच आहेत, पण जाड; मोठ्या मशीनमध्ये तोडून घातली तरच.

गणपतीच्या दिवसांतलं निर्माल्य मशीनसाठी चांगला माल आहे. दूर्वा, फुलं, पत्री, हार. मात्र हाराचा दोरा, जरीची झालर, थर्माकोल, प्लास्टिकची फुलं आधी काढावी लागतात. हे काम सार्वजनिक मंडळांत पोरांनी बसून केलं तर तासाभराचं आहे, आणि मशीनमध्ये गेल्यावर दोरा काढायला तेच दिवसाचं होतं. रासायनिक रंगांचा गुलाल माखलेली फुलं बाजूला ठेवलेली बरी.

मंगल कार्यालयं आणि खानावळी यांचं गणित घरापेक्षा वेगळं. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा करणं बंधनकारक केलं आणि दिवसाला सरासरी १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा निर्माते ठरवलं. हॉटेलांनी शक्य तिथं ओल्या कचऱ्यावर जागेवरच प्रक्रिया करावी अशी त्यात अपेक्षा होती. लग्नाच्या पंगतीत मात्र पाण्याचे प्लास्टिक ग्लास, टिश्यू, चमचे आणि पान सगळं एकत्र गुंडाळून जातं. ते नंतर वेगळं करणारी मावशी हातमोज्यांशिवाय त्यात हात घालते. वाढपी जिथं पानं उचलतात तिथंच दोन पिंपं आणि एक चाळणी ठेवली तर तिच्या वाट्याला ते येत नाही. कार्यालय बुक करतानाच यजमानांनी हे विचारावं असं मला मनापासून वाटतं.

आणि ज्यांच्या दारात जनावरं आहेत, परड्यात उकिरडा आहे, त्यांना मशीनची गरजच नाही. भाजीची सालं, रताळ्याचे वेल म्हशीच्या पुढ्यात जातात ते योग्यच. फक्त पंगतीतला उरलेला भात एकदम ढिगानं घालू नये. पोटात आम्ल वाढून जनावर दगावू शकतं. बुरशी आलेलं तर मुळीच नको. तसलं अन्न शेण-पाल्यात उकिरड्यावर जाऊ दे.

मशीन सुरू झाल्यावर त्याच्याकडं नाकानं आणि हातानं लक्ष ठेवावं. आंबट वास म्हणजे भात-गोड जास्त किंवा ओल जास्त. अमोनियाचा वास म्हणजे पाला कमी. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा नाही. एक दिवस नवा माल थांबवून कोरडा भुसा घालावा आणि पाती फिरू द्यावीत. मिश्रण मुठीत दाबून बघावं. बोटांमधून एखाद-दुसरा थेंब आला आणि मूठ उघडल्यावर गोळा सैलसर राहिला, तर ओल बरोबर आहे. पाण्याची धार लागली तर पाला घालावा. गोळाच झाला नाही तर थोडं पाणी शिंपडावं.

शेवटी जी भुकटी बाहेर येते तिला लगेच खत समजून गुलाबाच्या बुडात टाकू नये. वाळवणाऱ्या मशीनचा माल बहुतेक वेळा नुसतं वाळलेलं अन्न असतं. ओल लागली की ते पुन्हा कुजायला लागतं, त्या वेळी मातीतला नत्र आणि मुळांजवळचा प्राणवायू खातं, आणि रोप पिवळं पडतं. ही भुकटी दुप्पट-तिप्पट मातीत मिसळून, थोडी ओली करून, झाकलेल्या पण हवा खेळणाऱ्या डब्यात दोन ते चार आठवडे मुरू द्यावी. आठवड्यातून एकदा ढवळावी. क्रेटमधल्या मालालाही रंग काळपट, वास मातीचा आणि हाताला थंड लागेपर्यंत थांबावं.

तयार झालं की नाही हे बघायला ओंजळभर माल ओला करून बंद पिशवीत तीन-चार दिवस ठेवावा. उघडल्यावर घाण वास आला किंवा पिशवी गरम लागली तर अजून कच्चं आहे. दुसरी परीक्षा मेथीची. एका कुंडीत साधी माती आणि दुसरीत एक भाग खत, चार भाग माती असं भरून दोन्हींत सारख्याच मेथ्या पेराव्यात. दोन्हीकडं उगवण सारखी झाली तर ते खत बिनधास्त वापरावं. खताच्या कुंडीत मेथी कमी उगवली किंवा पानं कडेनं करपली, तर बहुधा मीठ जास्त झालंय किंवा माल कच्चा आहे. तो फेकायचा नाही. अजून पाला आणि माती मिसळून महिनाभर मुरवायचा, आणि पुन्हा मेथी पेरून बघायची.